गुरं आडवी आली तर ब्रेक मारायचा की कट? आणि सराव करायचा तरी कुठे?

मोकाट (राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गेल्या गुरुवारी मला एका पाडीने पाडलं. हा विनोद आमच्या दवाखान्यात चार दिवस चालू आहे, तेव्हा तो आधीच उरकून घेतो.

मी पशुधन पर्यवेक्षक. गावात सगळे गुरांचा डॉक्टर म्हणतात, मीही आता दुरुस्त करत नाही. नाटे, आंबोळगड, कशेळी, आडिवरे या पट्ट्यात दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर गाडी होते. गाडी १२५ सीसीची शाईन. डाव्या अंगाला द्रव नायट्रोजनचा ३ लिटरचा कंटेनर बांधलेला, त्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या. पाठीला औषधांची बॅग. या अवतारात अठरा वर्षं फिरतोय. खड्ड्यात आपटलोय, चिखलात रुतलोय, पण असा आडवा कधी झालो नव्हतो.

संध्याकाळचे पावणेसात, झिमझिम पाऊस. आडिवऱ्याकडे परत येत होतो, वेग ४५च्या आसपास. एका चिरेखाणीच्या फाट्यावर ट्रकांनी लाल चिखल डांबरावर आणून ठेवलाय. त्याच्या पुढे डावं वळण आणि वळणाला चिकटून कमरेएवढा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. त्या गडग्यावरून पाडीने उडी मारली ती थेट माझ्यासमोर.

मी काय केलं ते लाज न बाळगता सांगतो. आधी हॉर्न दाबला. मग उजवा पाय जेवढा जाईल तेवढा ब्रेकवर दाबला. हाताचा ब्रेक आठवलाच नाही. आणि सगळा वेळ तिच्याकडे बघत राहिलो. मागचं चाक फरपटलं, शेपूट उजवीकडे गेलं आणि गाडी डाव्या अंगावर. कंटेनरचं झाकण उडालं. उणे १९६ अंशांचा नायट्रोजन ओल्या रस्त्यावर सांडल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. गुडघाभर पांढरा ढग, त्यात मी. मागून येणारा दूधवाला गाडी पेटली समजून उलटा पळाला.

ढग विरला तेव्हा पाडी दोन पावलांवर उभी होती. कान पुढे करून बघत होती. मी पडल्या जागेवरून तिच्या कानातला पिवळा बिल्ला वाचू शकत होतो, बाराच्या बारा आकडे. तो बिल्ला फेब्रुवारीत मीच मारलाय.

गुडघा सोलला, फूटरेस्ट वाकला, कांड्या वाया गेल्या त्याचा खुलासा अजून लिहितोय. जिवावरचं बोटावर निभावलं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गाडी चालवायला शिकलो, आरटीओत आठ काढून दाखवला, लायसन घेतलं आणि त्यानंतर एकदाही जोरात ब्रेक मारून बघितला नाही. संकटात काय करायचं हे हातापायांना कोणी शिकवलंच नाही.

तर विचारायचं हे की अशा वेळी ब्रेक मारायचा की कट? दोन्ही एकदम? आणि याचा सराव करता येतो का? वय ४१, घरून “आता या वयात मैदानात सर्कस करणार का” असं ऐकून झालंय.

---

कांदिवलीकर

काळजी घ्या राव. पण खरं सांगू, सराव वगैरे सगळं नंतर. आमच्या आजोळचा रस्ता तोच. गणपतीला येतो तेव्हा बघतो ना, तिथे ४५ म्हणजे जास्तच. ३०ने चालवा, प्रश्न मिटला.

---

मोकाट

साहेब, तुम्ही वर्षातून आठ दिवस येता. मला दिवसात नऊ गावं असतात आणि माजावर आलेली गाय माझ्यासाठी उद्यापर्यंत थांबत नाही. ३०ने चालवायचं तर मुक्कामालाच जावं लागेल.

---

शाळा_सुटली (लांजा)

मोकाटदादा, गुडघ्याला आराम द्या आधी.

मी शिक्षिका. रोज जाऊन-येऊन ५२ किलोमीटर, तीन वर्षांपूर्वी स्कूटर सोडून १६० सीसीची मोटरसायकल घेतली. घेतली त्याच पावसाळ्यात एका वानराच्या टोळीने मला गटारात घातलं. तेव्हापासून मी आणि माझा भाऊ महिन्यातून एक रविवार सराव करतो. सर्कस नाही हो. बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं संथ असतं ते.

जागा: महामार्ग चौपदरी होताना वळणं सरळ केली, त्यामुळे जुन्या डांबराचे तुकडे ठिकठिकाणी बाजूला पडून आहेत. तसा एक आम्हाला सापडला. दोनशे मीटर सरळ, वाहतूक नाही, फक्त कोणीतरी मिरच्या वाळत घालतं. आधी झाडू मारतो. खरंच, खराटा घेऊन जातो. बारीक खडी राहिली तर सरावातच पडाल.

सामान: नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं. शहरात ते प्लास्टिकचे शंकू लावतात, आपल्याकडे परसात ढीग पडलेला असतो. चाकाखाली आलं तरी काही होत नाही.

पहिले दोन रविवार नुसता ब्रेक. गाडी सरळ, वेग २०, एका सोडणाशी आलात की थांबायचं. कुठे थांबलो तिथे दुसरं सोडण ठेवायचं. मग २५, ३०, ४०. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. खोबऱ्याचं दूध काढताना मूठ कशी आवळतो? आधी हलकं, मग रस येईल तसं घट्ट. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, ते चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मग ते जोरात दाबलेला ब्रेक सहन करतं. वजन यायच्या आधीच आवळलात तर घसरतं. आणि मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं. म्हणून तुमच्या पायाने त्या दिवशी फार काही थांबलं नाही, नुसतं फरपटलं. आपल्याकडे लहानपणापासून सांगतात ना, “पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील”? सायकलच्या काळातला सल्ला आहे तो. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं.

आता कट. इथे मला स्वतःला आठवडाभर झोप लागली नव्हती, इतकं उलटं वाटलं. आरटीओतला आठ आपण चालण्याच्या वेगात काढतो. तेव्हा हँडल ज्या बाजूला वळवू त्या बाजूला गाडी जाते. पण वेग वीस-पंचवीसच्या वर गेला की डावीकडे जायला हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे वळतं आणि गाडी डावीकडे कलते. हे तुम्ही अठरा वर्षं नकळत करतच आहात, नाहीतर एकही वळण घेता आलं नसतं. फक्त घाबरल्यावर जे नकळत होतं ते होत नाही, म्हणून ते जाणून करायला शिकायचं. मोकळ्या रस्त्यावर ३०च्या वेगात डाव्या तळव्याने हलकंसं ढकलून बघा. गाडी चटकन डावीकडे जाते. मग उजव्याने ढकला, परत सरळ.

नंतर भाऊ रस्त्याच्या मध्ये सोडणांची रांग लावतो, तीच आमची म्हैस. मी सरळ येते, तो पलीकडे लांब कडेला उभा राहून शेवटच्या घटकेला डावा किंवा उजवा हात वर करतो, मी त्या बाजूने जाते. अंग ताठ, गुडघे टाकीला घट्ट, फक्त गाडी खाली कलते. दोन झटके असतात, एक बाजूला जायचा, एक परत यायचा. दुसरा विसरलात तर म्हैस वाचते आणि तुम्ही गडग्यात.

दोन्ही एकदम? नाही. टायरची पकड म्हणजे माझा पगार. आहे तेवढाच आहे. सगळा ब्रेकवर उडवलात तर वळायला उरत नाही. म्हणून आधी सरळ रेषेत जेवढा दाबता येईल तेवढा ब्रेक, मग तो सोडायचा, मग कट. वेळ नसेल तर दोघांतलं एकच काहीतरी. बहुतेक वेळा ब्रेकच. आपले आतले रस्ते पावणेचार मीटरचे. गाय आडवी उभी राहिली की उरतं किती? त्यात वळणापलीकडून एसटी.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट तुम्हीच लिहिलीत: तिच्याकडे बघत राहिलो. जिथे बघाल तिथे गाडी जाते. मी सराव करताना मोठ्याने ओरडते, “वाट! वाट!” म्हणजे डोळे वाटेकडे जातात. मिरच्यावाल्या आजींना वाटतं मला काहीतरी लागलंय.

---

ग्रीस (कुडाळ)

बाईंनी सांगितलं ते बरोबर, पण गाडीचं कोण बोलणार?

मोकाटभाऊ, तुमची १२५. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, १२५ आणि खालच्यांना सीबीएसवर भागवलं. शाळेच्या बाईंच्या गाडीला एबीएस असणार, म्हणजे चाक लॉक व्हायला लागलं की ते ब्रेक सोडतं-धरतं. तुमच्या सीबीएसमध्ये पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, एवढंच. चाक लॉक होणं ते थांबवत नाही. तेव्हा बाईंचा ४०चा ब्रेक बघून तुम्ही पहिल्याच रविवारी ४०ला जाऊ नका. गाडी २०१९च्या आधीची असेल तर तेही असेलच असं नाही. आणि पुढचं चाक घसरतंय असं वाटलं की मूठ लगेच सैल. तिथे विचार करायला वेळ नसतो.

टायर बघा. नक्षी आहे म्हणून टायर चांगला असं नसतं. उन्हाने कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर पाटासारखा सरकतो. नखाने दाबून बघा, दबत नसेल तर गेला. पुढे ड्रम असेल तर वहाळातून गेल्यावर ब्रेक हलका धरून पन्नास पावलं चालवा, आतलं पाणी सुकतं. हे न करता गेलात तर पहिल्या ब्रेकला काहीच लागत नाही, दुसऱ्याला एकदम लागतो.

तो कंटेनर. अरे देवा. एका अंगाला चार-पाच किलो, आत हलणारं द्रव, आणि वर सैल झाकण. मागच्या कॅरियरवर मध्यभागी, उभा, ट्यूबच्या रबराने दोन बाजूंनी आवळून बांधा. नाहीतर डावा कट आणि उजवा कट दोन वेगळ्या गाड्यांसारखे लागतील. सराव पण तो बांधूनच करा, नाहीतर त्याच जागी तेवढ्याच वजनाचा पाण्याचा कॅन बांधा. रिकाम्या गाडीवर शिकलेलं भरलेल्या गाडीवर कामाचं नाही.

आमचा बाप म्हणायचा, गाडी सांगता सगळा, ऐकणारो होयो.

---

रातराणी (निवृत्त, एसटी)

३१ वर्षं एसटी चालवली. मोटरसायकलवाले मला समोरून दिसायचे, म्हणून माझं ऐका.

४०च्या वेगात एका सेकंदात ११ मीटर जातात. म्हणजे एक एसटी. गाय दिसली, मेंदूला कळलं, हात हलला, तोवर एक एसटी संपली. ब्रेक त्याच्या पुढे सुरू होतो. पण दोन बोटं कायम ब्रेकच्या दांडीवर ठेवली तर यातली पाव गाडी तरी वाचते. वळण आलं, गडगा आला, वाडी आली की बोटं दांडीवर.

आणि रस्ता वाचा. मासळीच्या टेंपोतून पाणी गळतं, वळणावर जास्त सांडतं, ते नुसतं पाणी नसतं. आरे-वारेसारख्या किनाऱ्याच्या रस्त्याला वाळू उडून येते, तीवर ना ब्रेक ना कट, सरळ निघून जायचं. जून महिन्यातला पहिला आठवडा सगळ्यात वाईट, वर्षभराचं सांडलेलं तेल वर येतं. रात्री गाईचे डोळे चमकतात म्हणून विसंबू नका. म्हैस पाठ करून बसली असेल तर डोळे कुठले. काळ्या डांबरावर काळी म्हैस.

सराव म्हणून किनाऱ्यावर मात्र जाऊ नका. वाळूवर शिकलेलं डांबरावर खोटं ठरतं, आणि खाऱ्या पाण्याने साखळी आठ दिवसांत तांबडी होते.

---

कातळखूण

एक विनंती. कोणी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सराव करायला जाणार असेल तर बघून. देवीहसोळ, बारसू, कशेळी या बाजूच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. सगळ्यांना कुंपण नाही. उन्हात वरून बघितलं तर नुसत्या रेषा वाटतात. त्यावरून टायर फरपटवू नका. आणि पावसात तर सड्यावर जाऊच नका, शेवाळलेल्या जांभ्यावर माणूस उभा राहत नाही.

---

मोकाट

साडेतीन आठवड्यांनी लिहितोय. गुडघा बरा आहे. सगळ्यांचे आभार, सड्याचा विचार होता तो कातळखूण यांच्यामुळे रद्द केला.

तीन रविवार झाले. आमच्याकडेही जुन्या रस्त्याचा तुकडा सापडला. पाऊस उघडलेला बघूनच जातो. पहिल्या दिवशी २०च्या वेगातही मी पुढचा ब्रेक धरला नाही. धरायचा म्हणून गेलो होतो, सोडण दिसत होतं, आणि हात ऐकेना. पायच दाबला. सात वेळा. आठव्या वेळी बायकोने (हो, तीच, सर्कसवाली, आता सोडणं तीच मांडते) कडेला उभं राहून ओरडून सांगितलं, “पाय वर उचलून चालव!” पाय नुसता उचललेला ठेवला आणि हाताला दुसरा इलाजच राहिला नाही. गाडीचं नाक खाली बसलं आणि मी सोडणाच्या अलीकडे थांबलो. त्यानंतर पाय परत जागेवर आणला.

उलट्या ढकलण्याचं तसं लवकर जमलं. उजवीकडे अजून कचरतो. ग्रीसभाऊंच्या सांगण्यावरून कंटेनर मध्ये घेतलाय.

आता मी तुम्हाला काहीतरी सांगू शकतो, कारण तुम्हाला गाडी कळते तशी मला गाय कळते. बाई, तुमचा भाऊ हात वर करून बाजू सांगतो. खऱ्या गाईची बाजू तिचं डोकं सांगतं. गाईचे डोळे बाजूंना असतात, ठीक मागचं सोडलं तर तिला जवळजवळ चहूकडे दिसतं. तुम्ही तिच्या खांद्याच्या मागून आलात तर ती पुढे पळते, खांद्याच्या पुढून आलात तर मागे सरते. गोठ्यातून गुरं हाकणारा पोरगाही हे जाणतो, फक्त गाडीवर बसला की विसरतो. म्हणून वाट शोधायची ती शेपटाच्या बाजूला. तोंडापुढून कट मारणारा तिच्याबरोबर शर्यत लावतो. आणि हॉर्न? हॉर्नने ती आधी थबकते, मान वर करते, मग उधळते, नेमकी तुम्ही पोहोचता तेव्हा. लांबून एकदा वाजवा, जवळ आल्यावर नाही.

याला अपवाद आहेत. वासरू रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असेल तर सगळं विसरा, गाय तिकडेच जाणार. एक गेली की मागून दुसरी येणार, शेळ्यांचं तर विचारूच नका. आणि दावं तुटलेलं जनावर असेल तर शेपटामागे जाण्याआधी दावं कुठे लोळतंय ते बघा, ते चाकात गेलं तर दोघंही आडवे. म्हैस मात्र आहे तिथेच राहते. तिला तुमचं काही पडलेलं नसतं.

परवा कशेळीच्या अलीकडे एक खोंड डावीकडून निघाला. पाठीमागे दुसरं जनावर नाही, दावं नाही, डोकं उजवीकडे. हे सगळं बघितलं म्हणजे बघितलं गेलं, मी काही यादी करत बसलो नाही. मूठ आवळली, वेग पार उतरला, सोडली, डावा तळवा, त्याच्या शेपटाच्या गोंड्यावरून हात फिरवता आला असता इतक्या जवळून गेलो. पुढे शंभर पावलांवर थांबून पाणी प्यायलो. हात थरथरत होता.

पण खरी गोष्ट दुसरीच आहे आणि ती लिहायला जड जातंय. काल त्या पाडीच्या वळणावर उतरलो आणि पावलांनी मोजलं. गडग्याच्या आडून तिचं तोंड जिथून पहिल्यांदा दिसू शकतं तिथपासून ती उडी मारून आली तिथपर्यंत सोळा पावलं, म्हणजे बाराएक मीटर. ४५च्या वेगात एका सेकंदात साडेबारा जातात. शेपटामागे गडगा, तोंडापुढे चिखल. ब्रेक नाही, कट नाही, मी कितीही रविवार घालवले असते तरी तिथे काहीच पोहोचलं नसतं. २५ला असतो तर सेकंदात सात गेले असते आणि उरलेल्या पाचात ओल्या रस्त्यावर जेमतेम थांबलो असतो, बोटं दांडीवर असती तर.

कांदिवलीकर, तुमचं निम्मं मान्य. सगळीकडे ३० नाही. पण माझ्या रूटवरची आंधळी वळणं मोजली, चौदा भरली, तिथे आता २५. दिवसाची दहा-बारा मिनिटं जातात फक्त.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला जमणार आहोत, पाऊस नसेल तर. राजापूरकडचं कोणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. कंटेनर, डबा, मूल, जे रोज गाडीवर असतं त्याच्या वजनाचं काहीतरी बांधून या. आणि सोडणं आपापली आणा, आमची पाणी तापवायच्या चुलीत गेली.